मदत हवी आहे: मांजरी बुद्रुकच्या जिल्हा परिषद गटाचा इतिहास (१९६२ ते २०२१)

कालव्याकाठची

नमस्कार मंडळी,

मी हवेली तालुक्यातल्या मांजरी बुद्रुकची. ३० जून २०२१ च्या अधिसूचनेने जी तेवीस गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात आमचं गाव होतं. ग्रामपंचायत गेली हे सगळ्यांना जाणवलं, कारण दाखल्यासाठी जायचं ऑफिस बदललं. पण त्याबरोबर आमचा जिल्हा परिषदेचा गटही, म्हणजे मतदारसंघही गेला. त्याबद्दल कुणी चार ओळी लिहून ठेवल्याचं मला आढळलं नाही. त्या मला लिहायच्या आहेत.

जिल्हा परिषद १९६२ मध्ये आली. त्यानंतर १९६७, १९७२, १९७९, १९९२, १९९७, २००२, २००७, २०१२ आणि २०१७ अशा निवडणुका झाल्या. या प्रत्येक वेळी मांजरी बुद्रुक कोणत्या गटात होतं, गटाचं नाव काय होतं, सोबत कोणती गावं होती, जागा खुली होती की राखीव, आणि निवडून कोण आलं, एवढा तक्ता मला पूर्ण करायचा आहे. २०१७ चं सगळं मिळालं. २०१२ चं बरंचसं मिळालं. त्याच्या मागे गेलं की तोंडी माहितीवरच भिस्त.

गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलत असते. एक आजोबा ठामपणे सांगतात, "आपण लोणीबरोबर होतो." दुसरे म्हणतात, "छे, फुरसुंगीबरोबर." दोघांच्या सांगण्यात प्रचाराच्या सभा आहेत, बैलगाड्या आहेत, कुठल्या वस्तीवर जेवण होतं तेही आहे. मला वाटतं दोघंही खरं सांगताहेत, पण वेगवेगळ्या निवडणुकांबद्दल. म्हणूनच कागद हवा.

एका घरी पत्र्याच्या ट्रंकेत १९७९ च्या निवडणुकीचं एक पत्रक मिळालं. ट्रेडलवर (पायाने चालवायच्या छापयंत्रावर) छापलेलं, गुलाबी कागद, चौघडी घातलेली. मागच्या बाजूला 'गटातील गावे' असं लिहून यादी सुरू होते, 'मांजरी बु॥,' एवढं येतं आणि नेमकी तिथेच घडीवर फाटलेलं आहे. खालचा तुकडा नाही.

दुसरी एक गोष्ट शाळेतली. जुन्या खोल्यांच्या भिंतीत काळ्या दगडाची कोनशिला आहे. दर रंगकामात अक्षरांच्या खाचांत ऑइलपेंट बसत गेला. सकाळचं तिरपं ऊन पडलं की 'सदस्य, जिल्हा परिषद, पुणे' एवढं वाचता येतं. वरचं नाव आणि खालचं साल येत नाही. त्या खोल्यांत मी शिकले. त्या कुणी मंजूर करून आणल्या हे गावात आज कुणालाच सांगता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक शंका. नदीपलीकडचं मांजरी खुर्द कधी आमच्या गटात होतं का? २०२१ च्या यादीत ते नाही, ते ग्रामीण भागातच राहिलं. दोन्ही गावांची नाती एकमेकांत गुंतलेली आहेत, पण मधे मुळा-मुठा. गट पाडताना नदी ओलांडत असत का?

जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा. गावाच्या बाहेरच्यांनीही लिहावं, कारण हवेलीतल्या बऱ्याच गटांची गत आमच्यासारखीच झालेली दिसते.

---

दप्तरखाना

ताई, चांगलं काम हाती घेतलंत. मी महसुलात होतो, दोन-तीन जिल्हा परिषद निवडणुकांचं काम जवळून केलं आहे. पुणे जिल्ह्यात नव्हे, पण पद्धत राज्यभर एकच.

पहिली सूचना: गटाच्या क्रमांकाच्या मागे लागू नका. क्रमांक दर रचनेत बदलतो. गट पाडण्याचं काम जिल्ह्याच्या उत्तर टोकापासून सुरू होतं आणि पूर्व-पश्चिम करत दक्षिणेला संपतं. त्यामुळे जुन्नर-आंबेगावकडे एक गट वाढला तरी खाली हवेलीतले सगळे क्रमांक सरकतात. नावही भरवशाचं नसतं. गटातल्या मोठ्या गावाचं नाव देतात, आणि लोकसंख्या इकडची तिकडे झाली की तोच मुलूख दुसऱ्या नावाने दिसतो. तुम्ही शोध गावाच्या नावाने घ्या. प्रत्येक रचनेच्या परिशिष्टात गट, गण (पंचायत समितीचे मतदारसंघ) आणि त्यातली गावं अशी यादी असते. त्यात 'मांजरी बु.' कुठे आहे ते बघायचं, बाकी सगळं त्या ओळीतच मिळतं.

आता रचना कशी ठरते. मूळ कायदा १९६१ चा. वसंतराव नाईक समिती १९६० मध्ये नेमली, तिचा अहवाल १९६१ मध्ये आला, त्यावरून कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. त्याच्या कलम १२ खाली जिल्ह्याचे गट पडतात, एका गटातून एक सदस्य. पंचायत समितीचे गण कलम ५८ खाली. आता एका गटाचे दोन गण असतात, म्हणून २०१७ मध्ये पुणे जिल्ह्यात ७५ गट आणि १५० गण होते. आधी प्रारूप रचना जाहीर होते, हरकती घेतात, सुनावणी होते, मग अंतिम रचना राजपत्रात येते. तुम्हाला हवी ती अंतिम. पण हरकतींचा कागद मिळाला तर सोडू नका. 'आमचं गाव अमक्या गटात नको, मधे ओढा आहे, रस्ता नाही' अशा अर्जांत गावाचा खरा भूगोल असतो.

नदीबद्दल: नदी, ओढा, रेल्वे, मोठा रस्ता या नैसर्गिक सीमा शक्यतो पाळाव्यात अशा सूचना असतात. 'शक्यतो' हा शब्द महत्त्वाचा. लोकसंख्या जुळत नसेल तर नदी ओलांडली जाते. तेव्हा पलीकडचं गाव कधीच सोबत नसेल असं धरून चालू नका.

१९७९ ते १९९२ या तेरा वर्षांत जिल्हा परिषदेची निवडणूकच झाली नाही. १९७९ चा गट आणि १९९२ चा गट यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवा. पुण्याच्या पूर्वेला त्या तेरा वर्षांत वस्ती कशी वाढली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुमचे दोन आजोबा या दरीच्या दोन काठांवरून बोलत असण्याची शक्यता मला दाट वाटते.

---

नदीपलीकडचा

मांजरी खुर्दचा आहे मी. आमच्याकडचं राजकारण कायम वाघोली-केसनंदकडं तोंड करून चाललं. तुमच्याकडं हडपसर आणि लोणी. पाव्हणे एक, पण पुढारी वेगळे. माझे चुलते लय वर्षं सोसायटीत होते, त्यांना विचारून सांगतो १९७२ चं. त्यांच्याकडं मतदार याद्यांची बांधलेली चवड होती, राहिली असंल तर फोटो टाकतो.

---

लोहगावचा वाडा

धागा बघून राहवलं नाही. आमची गोष्ट याहून विचित्र आहे आणि तीही कुठे नोंदलेली नाही.

२१ फेब्रुवारी २०१७ ला जिल्हा परिषदेचं मतदान झालं. त्याच दिवशी पुणे महापालिकेचंही होतं. रस्त्याच्या या बाजूला जिल्हा परिषद, त्या बाजूला महापालिका. आम्ही जिल्हा परिषदेला मत दिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अकरा गावं महापालिकेत घेतली, त्यात लोहगावचा राहिलेला भाग होता. म्हणजे निवडून दिलेला सदस्य एका सभागृहात आणि आम्ही दुसऱ्याच्या हद्दीत.

मग या अकरा गावांना नगरसेवक हवेत म्हणून २०१९ मध्ये पोटनिवडणूक घेतली. त्यासाठी प्रभाग क्रमांक ४२ काढला, दोन जागांचा. त्यात लोहगाव आणि फुरसुंगी, उरुळी देवाची आणि धायरी, शिवणे आणि उंड्री! नकाशा डोळ्यांपुढे आणा. शहराच्या ईशान्येपासून नैऋत्येपर्यंत सगळीकडे विखुरलेली गावं एका प्रभागात. एका गावातून दुसऱ्या गावात जायला अख्खं पुणे ओलांडायचं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तो प्रभागही संपला. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची वेगळी नगरपरिषद झाली, ते पुन्हा निराळंच.

ताई, तुमचा तक्ता झाला की आम्हाला नमुना द्या. आम्ही लोहगावचा करू. हे कुणीतरी एकदा गावोगाव केलं पाहिजे. नाहीतर पुढच्या पिढीला वाटेल की आपण आधीपासून शहरातच होतो.

---

कालव्याकाठची

दप्तरखाना काका, गावाच्या नावाने शोधायचं हे मनात पक्कं केलं. हरकतींच्या अर्जांचं तर डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार.

लोहगावचा वाडा, तुमच्या प्रतिसादाने अंगावर काटा आला. आमच्याकडे प्रकार वेगळा, पण दुखणं तेच. २०२१ ला गाव महापालिकेत गेलं, मार्च २०२२ मध्ये महापालिकेवरही प्रशासक आला. गल्लीत दिवा बंद पडला तर कुणाला सांगायचं, हे माझ्या आईला कित्येक वर्षं कळत नव्हतं. आधी ती सरळ सदस्याच्या घरी जायची. चहा व्हायचा, काम व्हायचं किंवा व्हायचं नाही, पण दार माहीत होतं.

एक उपप्रश्न. १९९२ च्या आधी आमच्या भागातून कुणी बाई जिल्हा परिषदेवर होती का? एक आजी सांगतात, "होती, मी तिला पुण्याला मीटिंगला जाताना बघितलंय." नाव आठवत नाही त्यांना. गटाच्या यादीत अशी बाई सापडेल का?

---

वकीलसाहेब_सासवड

उपप्रश्नाचं आधी. महिलांचं आरक्षण जिल्हा परिषदेत १९९२ च्या निवडणुकीपासून आलं, तेव्हा ३० टक्के. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश झालं, आणि २०१२ च्या निवडणुकीला ५० टक्के. १९९२ च्या आधी एखादी बाई निवडून येऊ शकत होतीच, पण मूळ कायद्यात महिलांना स्वीकृत सदस्य म्हणून, म्हणजे निवडणुकीशिवाय घेण्याचीही तरतूद होती. स्वीकृत सदस्याला गट नसतो. आजींनी पाहिलेली बाई तशी आलेली असेल तर कोणत्याही गटाच्या निकालात तिचं नाव दिसणार नाही. तिच्यासाठी जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं बघावी लागतील. सुरुवातीला सदस्यांची नावं असतात.

गणांबाबतही असंच सावध राहा. पंचायत समितीवर आज मतदार थेट सदस्य निवडतो. सुरुवातीच्या काळात गणातला प्रतिनिधी ग्रामपंचायतींच्या मंडळींनी निवडायचा होता. तेव्हा १९६२-६७ च्या गणांत लोकांनी कुणाला मतं दिली, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारलात तर उत्तरं गोंधळाची येतील.

आता माहिती अधिकार. "गटाचा इतिहास द्यावा" असं लिहू नका, हमखास 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. ठरावीक कागद मागा. नमुना देतो:

"जिल्हा परिषद, पुणे सार्वत्रिक निवडणूक सन १९९२ करिता हवेली तालुक्यातील निर्वाचक गटांच्या अंतिम रचनेची अधिसूचना, गावनिहाय परिशिष्टासह, साक्षांकित प्रत."

एका अर्जात एकच निवडणूक. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेला द्या. कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम ६(३) खाली त्यांनी पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवायचा असतो, तुम्ही खेटे घालायचे नसतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. आणि 'अभिलेख उपलब्ध नाही' असं आलं तर तो कागद केव्हा आणि कोणत्या आदेशाने नष्ट केला त्याच्या नोंदीची प्रत मागा. पुष्कळदा त्या टप्प्यावर मूळ कागद सापडतो.

---

वऱ्हाडी ठेचा

वाचनखूण साठवली.

आमच्याकडे विदर्भात १९६२ च्या आधी जनपद सभा होत्या, मध्य प्रांताच्या १९४८ च्या कायद्यातल्या. तुमच्याकडे तेव्हा जिल्हा लोकल बोर्ड होतं. म्हणून म्हणतो, तक्ता १९६२ ला सुरू केला तरी वर एक ओळ लोकल बोर्डाची राहू द्या. जुन्या शाळांच्या नोंदीत 'लोकल बोर्डाची शाळा' असंच सापडेल.

---

पुस्तकी

माझं रोजचं बसणं ग्रंथालयात असतं, म्हणून काही ठिकाणं सांगते.

जुनी शासकीय राजपत्रं आणि जनगणनेच्या पुस्तिका यांसाठी गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. शासकीय प्रकाशनांचा इतका मोठा साठा पुण्यात दुसरीकडे क्वचितच. राजपत्रात पुणे विभागाची पुरवणी मागा. निवडणुकीच्या आधीच्या वर्षभराचे अंक पालथे घालायची तयारी ठेवा, कारण रचना निवडणुकीच्या बऱ्याच आधी छापली जाते.

निकालांसाठी वर्तमानपत्रं. 'केसरी'चे जुने अंक केसरी-मराठा ग्रंथालयात आहेत. 'सकाळ' १९३२ पासूनचा आहे आणि पुणे जिल्ह्याच्या बातम्या त्यात भरपूर. मतमोजणीनंतरच्या दोन-तीन दिवसांत तालुकावार यादी येते, गटाचं नाव, विजयी उमेदवार, मतं. मी दुसऱ्या कामासाठी असे निकाल चाळले आहेत. अक्षर बारीक असतं, भिंग न्या.

जनगणना पुस्तिकेबद्दल एक इशारा. गटाचा अंदाज बांधायला लोक जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या घेतात आणि गटांच्या संख्येने भागतात. २०११ ची पुणे जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या साधारण ३६.८ लाख, ७५ ने भागली की ४९ हजार येतात. पण जनगणना ज्यांना शहर म्हणून मोजते अशी काही मोठी गावं कारभाराने ग्रामपंचायतीच असतात, आणि ती जिल्हा परिषदेला मतदान करतात. पुण्याभोवती अशी गावं पुष्कळ. म्हणजे गटाची खरी सरासरी त्याहून जास्त निघते. हवेलीत हा फरक मोठा पडेल.

कोनशिलेसाठी: रंग खरवडू नका, अक्षरांच्या कडा जातात. रात्री जा, दिवा किंवा मोबाइलचा टॉर्च दगडाच्या अगदी कडेला, भिंतीला टेकवून धरा आणि समोरून फोटो घ्या. चारही बाजूंनी उजेड देऊन चार फोटो. खाचा थोड्या जरी उरल्या असतील तरी सावली पडते. आम्ही वीरगळांचे लेख असेच वाचतो.

---

दप्तरखाना

पुस्तकी यांनी राजपत्राचं सांगितलं ते अगदी बरोबर. एक भर घालतो. विधानसभा मतदारसंघाचे कागद यात मिसळू देऊ नका. जुना 'हवेली' विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत गेला. तिथली यादी आणि जिल्हा परिषदेची यादी, दोन्हींवर 'हवेली' दिसतं आणि नवख्या माणसाची फसगत होते.

आणि १९९७ ते २००२ या पट्ट्यात हवेलीचा नकाशा सतत हलत होता. १९९७ मध्ये ३८ गावं महापालिकेत घेतली, २००१ मध्ये त्यातली १५ पूर्ण आणि ५ अंशतः वगळली. वगळलेली गावं परत जिल्हा परिषदेकडे आली आणि २००२ च्या रचनेत त्यांना कुठेतरी बसवावं लागलं. तुमच्या आसपासचे गट त्यात नक्की हलले असणार. २००२ ची अधिसूचना आधी मिळवा, ती मिळाली तर पुढची-मागची दोन्ही टोकं जुळतील.

---

नदीपलीकडचा

चुलत्यांशी बोललो. याद्यांची चवड वाळवीनं खाल्ली म्हणाले. पण १९७२ ला पंचायत समितीच्या ऑफिसला हातानं काढलेला तालुक्याचा नकाशा भिंतीवर होता, गटांना वेगवेगळे रंग दिलेले, आणि आपल्या दोन मांजरींमधनं निळी नदी आन दोन्हीकडं दोन रंग, हे त्यांना पक्कं आठवतंय. म्हंजी तवा तरी आपण वेगळे. १९६२ चं त्यांना सांगता येईना.

---

कालव्याकाठची

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. नदीपलीकडचे, तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांची हरकत नसेल तर येऊन त्यांचं सांगणं रेकॉर्ड करून घेईन. १९७२ च्या रकान्यात 'मांजरी खुर्द वेगळ्या गटात (तोंडी माहिती)' असं लिहिते.

पुस्तकी, टॉर्चचा उपाय काल रात्री करून पाहिला. शाळेचे शिपाईमामा दिवा धरायला थांबले. डावीकडून उजेड दिल्यावर साल उमटलं: १९७४. नावातलं आडनाव अजून अर्धवट आहे, पण १९७२ ला निवडून आलेला सदस्य म्हणजे शोध एका निवडणुकीपुरता उरला. त्या वर्षीच्या निकालाचं वर्तमानपत्र पाहिलं की नाव लागेल. खोल्यांचा ठरावही १९७३-७४ च्या इतिवृत्तांत शोधते.

आता क्रम असा ठरवते: आधी २००२ ची अधिसूचना, मग १९९२, मग १९७९. वकीलसाहेबांच्या नमुन्याप्रमाणे तीन वेगळे अर्ज सोमवारी देते. १९६२ आणि १९६७ साठी राजपत्रं चाळायला ग्रंथालयात जावं लागेल. कुणाला सोबत यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दोघांनी वाचलं तर अंक लवकर होतात.

शेवाळेवाडी, फुरसुंगी, लोणी काळभोर, कदमवाकवस्ती, कोलवडी, थेऊर, या गावांतलं कुणी इथे असेल तर घरातली जुनी पत्रकं, मतदार चिठ्ठ्या, सत्काराच्या पत्रिका एकदा बघा. १९७९ च्या त्या गुलाबी पत्रकाच्या प्रती तुमच्याही गावात वाटल्या गेल्या असतील. अख्खी प्रत मिळाली तर मागची बाजू नीट दिसेल असा फोटो इथे टाका, मला यादीतलं 'मांजरी बु॥' च्या पुढचं हवं आहे.